माळ उतरल्यानंतर

त्या पावसाळ्यात आमच्या गावात माझ्याइतका अंगानं भरलेला गडी दुसरा नव्हता. गाल वर आले होते, मनगटाची हाडं झाकली गेली होती आणि लग्नातला सदरा पाठीवर उसवला होता. बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, कपडे धुणाऱ्या बायका मला पाहून आपसात हसायच्या. एकीनं तर मला ऐकू येईल असंच म्हटलं, "बिमारीत लोकं वाळते वो बाई, हा त सुटला!" बाकीच्यांनी तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून पुढं गेलो.

तिचं तरी काय चुकलं? उसाचा रस, साखरपाणी, ग्लुकोजची पुडी, तांदळाची पेज आणि दिवसभर खाट. असं पोसलं तर घराच्या खांबालाही मांस चढेल. अडचण एवढीच होती की या भरलेल्या अंगात जोर नावाची वस्तू राहिली नव्हती. ताप असता तर लोकांना हात लावून पाहा म्हटलं असतं. पाय मोडला असता तर काठी टेकत फिरलो असतो. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. जे दिसत होतं ते सगळं माझ्या विरोधात साक्ष देत होतं.

गडचिरोली आमच्या चंद्रपूरपासून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव नागभीडपासून पायी जाण्याच्या अंतरावर, धानाचं. बायकोचं माहेर कुरखेड्याकडचं. लग्न होऊन आली तेव्हा ती हसून म्हणायची, "पाहा, मी आता परजिल्ह्याची झाली." लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात मला उन्हाळ्याच्या तोंडाशी कावीळ झाली.

साधी नव्हती. डोळे हळदीचे झाले, लघवी काळ्या चहासारखी, आणि अन्नाचा वास आला तरी ओकारी. मी काही दिवस बडबडत होतो, असं आई सांगते. मला फक्त घराच्या छपराची कवलं आठवतात, ती हलायची. बैलगाडीत घालून मला नागभीडला दवाखान्यात नेलं. तिथून परत आणलं तेव्हा मी वाचतो की नाही याची घरात कोणाला खात्री नव्हती.

शेजारचे भाऊ जंगलातल्या एका वैदूकडून माळ घेऊन आले ते याच दिवसांत. आमच्याकडे काविळीवर ही माळ घालतात. कसल्याशा देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. सुरुवातीला ती माळ एवढीशी असते, डोक्यावर ठेवायची. मग दिवसागणिक ती लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून खांद्याखाली, कमरेला, आणि शेवटी पायातून गळून पडते. माळ उतरली की कावीळ उतरली. देठ सुकले की गाठी सैल होऊन माळ आपोआपच लांबते, हे मला पुढं कोणीतरी समजावून सांगितलं. तेव्हा गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं.

आमच्या घरात खरं तर असल्या गोष्टींना जागा नव्हती. बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि त्या दिवसापासून गंडा, दोरा, अंगारा काही उंबऱ्याच्या आत शिरलं नव्हतं. बाबा जाऊन तीन पावसाळे झाले होते. आईनं भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे गंडा नोय बापा. हे जडीबुटी आहे." आणि माळ माझ्या डोक्यावर ठेवली. पोरगं मरायला टेकलं असताना तिला कोण बोलणार?

माळ उतरली. एका सकाळी ती खरंच पायातून सुटून खाटेखाली पडली. भाऊंनी स्वतः ती उचलून बोडीत सोडली आणि येताना रस्त्यात भेटेल त्याला सांगत आले, "उतरली. पोरगा सुटला." गावाला आनंद झाला. डोळे पांढरे झाले होते, भूक लागायला लागली होती. मलाही वाटलं, सुटलो.

मग हळूहळू कळायला लागलं की आपण सुटलेलो नाही. उजव्या बरगडीखाली एक जडपणा बसला होता, कोणी तिथं ओला चिखल थापून ठेवावा तसा. आंघोळ केली की दम लागून पायरीवर बसावं लागायचं. तेलाची फोडणी बसली की पोटात ढवळायचं, म्हणून बायको अंगणात दगडांची चूल मांडून आईपुरती आणि स्वतःपुरती भाजी करायची. तळहात खाजायचे. दोर आणायला घरात जायचो आणि आत जाऊन उभा राहायचो, कशाला आलो ते आठवायचं नाही. आणि झोप! सूर्य डोक्यावर आला की अशी झोप यायची की बोलता बोलता मान खाली. रागही फार यायचा, भाताचं शीत कच्चं राहिलं तरी. नवराबायकोत जे असावं तेही उरलं नव्हतं. ती दिवसभर राबून दमलेली, कुशीवर वळली की झोपायची, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. एक वर्षही न झालेल्या लग्नात असं वाटतं याची मला लाज वाटायची. हे सगळं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर नीट बोलले होते. कावीळ गेली, पण यकृताला भरून यायला वेळ लागतो, कित्येकांना महिनोन् महिने थकवा राहतो, जड काम करू नको. मी हे गावात येऊन सांगितलं. सांगताना माझेच कान तापले. खायला काळ आणि भुईला भार असलेला माणूस डॉक्टरच्या नावानं अंग चोरतोय, असंच ते ऐकू येत होतं.

भाऊंनी विचारलं, "माळ त पायातून उतरली ना गा?"

"उतरली."

"मंग?"

"डॉक्टर म्हन्ते, जड काम नाई कराचं."

"डॉक्टरले सांगाले काय लागते! त्याले का नांगर धरा लागते?"

आता या भाऊंचं आणि आमचं नातं सांगायला हवं. आमच्याकडे एक बैल होता. त्यांच्याकडेही एकच. दोघांची मिळून जोडी व्हायची. यालाच सावड म्हणतात. बाबांच्या वेळेपासून ती चालत आली होती. धान रोवण्याआधी चिखलणीच्या दिवसांत काही दिवस त्यांच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, काही दिवस आमच्या, आणि दोन्हीकडे दोन गड्यांनी आळीपाळीनं नांगर धरायचा. धर्म वेगळा झाला, पाणवठ्यावरची बोलणी झाली, पण बैल जोडीत राहिले. दोघांचंही एकट्या बैलानं भागत नव्हतं. आमच्या बांध्या तीनच, पण वर्षाचा तांदूळ त्यांच्यातूनच यायचा. चिखल वेळेवर झाला नाही तर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून म्हातारी होतात. मग ती रोवली काय आणि बैलाला घातली काय, सारखंच. त्या साली सावड तुटली असती तर आम्ही वर्षभर काय खाल्लं असतं, मला माहीत नाही.

एका सकाळी बायकोनं आईला विचारलं, "मीच धरून पाहू का नांगर?" आमच्या भागात बाईनं नांगराला हात लावला तर पाणी पडत नाही असं म्हणतात. आई म्हणाली, "आपल्यात काई नाई त्याचं. धर खुशाल. पण जोडीतला एक बैल त्याईचा आहे." दोघी हसल्या. मी खाटेवर पडून ते ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं की उद्या नांगर मीच धरणार.

पहिली पाळी भाऊंच्या बांधीची होती. पाणी तुंबलेलं, वर आभाळ, आजूबाजूच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, लोक. मी नांगराची मूठ धरली तेव्हा भाऊंच्या तोंडावर समाधान दिसलं. नांगराचे सुरुवातीचे तास मी सरळ घेतले. मला वाटलं, उगाच घाबरत होतो, बसून बसून अंग आळशी झालं होतं. मग मांड्या थरथरायला लागल्या. अंगाला थंड घाम सुटला, कानात माशा घोंगावल्या. वळणावर नांगर कलंडला, मी तो सावरायला गेलो आणि मूठ धरूनच चिखलात बसलो. पडलो नाही, बसलोच. बैल शहाणे, ते आपोआप थांबले.

भाऊ धावत आले. आधी त्यांनी बैलाचा मागचा पाय पाहिला, फाळ लागला की काय म्हणून. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. मग माझ्याकडे पाहिलं. गुडघ्याएवढ्या चिखलात मी बसलेलो, अंगानं भरलेला, गालांवर लाली. मला उठता येत नव्हतं, आणि उठता येत नाही हे तोंडातून निघत नव्हतं.

ते म्हणाले, "तुले काम नाई कराचं असन त तसं सांग मले. नाटकं नको करू. मी माह्या बैलाले दुसरा जोडीदार पाहातो."

पलीकडच्या धुऱ्यावर कोणीतरी हसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात, ते तसं असतं.

मी घरी येऊन पडलो. आता सावड तुटली, हे मनाशी पक्कं झालं होतं. बायको संध्याकाळी भाऊंच्या घरी जाऊन आली. काय बोलली, ते तिनं सांगितलं नाही. पण ठरल्या दिवशी भाऊ आपला बैल घेऊन आमच्या दारात उभे होते. आमचा बैल सोडून नेला, आमच्या बांधीत एकट्यानं चिखल केला, बैल परत आणून बांधला. त्या दिवसांत मी दाराआड बसायचो. बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर गेला की मगच बाहेर यायचो.

मला वाटलं, माणूस तोंडाचा कडू, पण मनाचा गोड. मी बायकोला म्हटलंही, "भाऊ मोठ्या मनाचा आहे. दुसरा असता तर आला नसता."

ती भाकर बांधून घेत होती. म्हणाली, "हो, मोठा आहे." आणि निघून गेली.

ती रोज उजाडता निघायची आणि दिवेलागणीला यायची. आमची एवढीशी बांधी, तिला इतके दिवस काऊन लागतात, हे मी विचारलं नाही. अर्धा दिवस मी झोपेत असायचो. दुपारची शिदोरी आई नेऊन द्यायची. मग आईच्या पायांना चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्या सोलून निघाल्या, आणि तिला चालवेना. मी म्हटलं, मी नेतो. आई नको म्हणाली. म्हणाली, तू झोप, ते पोरगी उपाशी नाई राहात. मला राग आला. डबा हातात घेऊन चालण्याइतकाही मी उरलो नाही का? तिच्या हातातून शिदोरी जवळजवळ ओढूनच घेतली.

धुऱ्या-धुऱ्यानं, मध्ये बसत, मी आमच्या बांधीवर पोचलो. बांधीत कोणी नव्हतं. तिन्ही बांध्या रोवून झाल्या होत्या. रोपांनी जीव धरला होता, म्हणजे रोवणी होऊन बरेच दिवस झाले असणार. मी तिथंच उभा राहिलो. मग बायकांच्या गाण्याचा आवाज आला, पलीकडून, भाऊंच्या मोठ्या बांधीतून.

रांगेत मध्यभागी ती होती. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पाठ वाकलेली. भाऊंची बायको धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजत बसली होती. तिला आम्ही बाई म्हणायचो. मी विचारलं, "बाई, हे इथी काऊन?"

ती माझ्याकडे पाहातच राहिली. "काऊन म्हंजे? तुह्या बदल्यात आहे ना ते. नांगराच्या एका दिवसाले बाईचे दोन दिवस. तुले सांगतलं नाई का तिनं?"

मी नाही म्हणालो.

"तिचा हात चांगला आहे," बाई म्हणाली. "आमाले काई तक्रार नाई." हे ती माझं मन राखायला बोलली असेल. मला ते चापटीसारखं लागलं.

शिदोरी धुऱ्यावर ठेवली, पायजमा वर खोचला आणि मी बांधीत उतरलो. शहाण्या माणसानं केलं नसतं. रोवणी बायकांची. गडी रोवणीच्या रांगेत उभा राहिला तर पुढची चार वर्षं त्याचं नाव निघतं. गाणं थांबलं, हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, "ये बापा, लुगडं देऊ का?" बायको हसली नाही. तिनं सरकून मला एक पात करून दिली. तेवढी जागा माझी, एका माणसाच्या हाताच्या आवाक्याची पट्टी.

रोवताना मागे मागे सरायचं असतं. वाकायचं, समोरच्या चिखलात रोपं खोचायची, एक पाऊल मागे. मी वाकलो. बरगडीखालचा जडपणा वर दाटून आला. दोन्हीकडच्या बायका मागे सरल्या, मी नाही. पुन्हा सरल्या. थोड्या वेळानं माझ्या उजवीकडे रोवलेलं धान, डावीकडे रोवलेलं धान, आणि मध्ये माझी पट्टी रिकामी, कोणालाही दुरून दिसेल अशी. गाण्याचा आवाज आता माझ्या पाठीमागून येत होता. मी मागे वळून पाहिलं तर बायको आपली पात रोवता रोवता माझीही अर्धी रोवत होती. एकदा इकडे हात, एकदा तिकडे. त्यामुळं तिचीही पात मागे पडली आणि सगळी रांग वाकडी झाली. बायका हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ती पाण्यातून चालत माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. इतक्या जवळून, उजेडात, मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ती वाळली होती. माझ्या अंगावर जेवढं चढलं होतं, तेवढं तिच्या अंगावरून उतरलं होतं.

"घरी जा तुमी," ती हळू म्हणाली.

"करतो ना थोडं."

"तुमी इथी असले का माहं ध्यान तुमच्याकडंच राह्यते. हात चालत नाई माहा. दिवस वाया जाईन, आन् बाई हा दिवस धरन नाई." मग आणखी हळू, "जा. झोपा जाऊन."

रागानं म्हणाली असती तर मीही रागावलो असतो. ती विनवणी करत होती. तिला माझ्याकडून जी मदत होण्यासारखी होती, ती एवढीच होती.

मी बांधीतून बाहेर आलो. धुऱ्यावर दोनदा बसलो. बसलो की मागे गाणं ऐकू यायचं, ते पुन्हा लयीत लागलं होतं. घरी आई म्हणाली, "सांगतलं होतं ना नको जाऊ." तिला सगळं ठाऊक होतं. मी पाय न धुता तसाच खाटेवर पडलो. मनाशी म्हटलं, आज झोपायचं नाही. काम होत नाही ते होत नाही. पण ती तिथं वाकलेली आहे तोवर निदान जागं राहायचं. एवढं तर कोणालाही जमेल.

जाग आली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं आणि घरात चुलीचा धूर होता. झोप इतकी गाढ लागली होती की मला थोडा वेळ काही आठवेना. मग पायांना गार लागलं. पाहिलं तर दोन्ही पाय स्वच्छ होते, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. खाटेच्या पायाशी ओलं फडकं आणि गढूळ पाण्याचं पातेलं होतं. तिनं माझे पाय धुतले होते, पुसले होते, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

ती चुलीपाशी पाठमोरी बसून फुंकत होती. तिच्या पोटऱ्यांवर गुडघ्यापर्यंत चिखल होता, वाळून भेगाळलेला. तिला हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती वळायला लागली, आणि मी डोळे मिटून घेतले.